देस्पिनाच्या कोनाड्यातला डबा

चाळीस वर्षं ओपल खणून झ्वोन्कोचा दगडांवर थोडाफार विश्वास बसला होता, माणसांवरचा मात्र पार उडाला होता. कूबर पेडी या ओपलच्या खाणगावात कुणी विचारलं, "काय, आज काही सापडलं?" तर उत्तर ठरलेलं, "धूळ." खिशात रंगीत दगड असला तरी धूळच.

त्यामुळे देस्पिनाने ही टूम काढली तेव्हा सगळ्यांत आधी त्याच्या कपाळाला आठी पडली. देस्पिना शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. निम्मं गाव तिच्या हाताखालून गेलेलं. शाळेने मोडीत काढलेला एक डेस्कटॉप तिने आणला, टेकडी कोरून केलेल्या आपल्या घराच्या भिंतीत कोनाडा पाडून त्यात बसवला आणि पंधरा दिवस त्याच्याशी झटापट केली. मग एका रविवारी खाणवाल्यांना कॉफीला बोलावलं.

"हा आपला स्वतःचा गप्पांचा सर्व्हर," ती म्हणाली. "तुम्ही फोनवर लिहाल ते कुठल्या कंपनीच्या घरी जाऊन बसणार नाही. या डब्यात येईल आणि ज्याचं त्याला पोचेल. खाणीच्या शाफ्टमध्ये उतरताना लिहायचं 'खाली'. आलात की 'वर'. पेटारसारखं पुन्हा नको."

त्यांच्यातलाच पेटार दोन हिवाळ्यांपूर्वी मोडलेला पाय घेऊन तीन दिवस शाफ्टच्या, म्हणजे खाणीत उतरायच्या खोल खड्ड्याच्या, तळाशी पडून होता. कुणालाच पत्ता नव्हता.

"आणि दोघांतलं खाजगी बोलणं?" झ्वोन्कोने विचारलं.

"त्याला कुलूप. किल्ल्या तुमच्या फोनात. माझ्याकडे नुसत्या बंद पेट्या."

"कंपनी मला ओळखत नाही, देस्पिना. तुला माझ्या सदऱ्याचं मापसुद्धा माहीत आहे."

सगळे हसले. पाढा चुकलेल्या मुलाकडे पाहावं तसं तिने त्याच्याकडे पाहिलं आणि न रागावता सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावलं. झ्वोन्कोने मान डोलावली. पटलं काहीच नाही.

महिना गेला, आणि झ्वोन्कोच्या खाणीत खरोखरच रंग, म्हणजे ओपल, लागला. निळ्या-हिरव्या ठिणग्यांचा, बोटाच्या पेराएवढा दगड, आणि त्यामागे भिंतीत आत जाणारी तशाच रंगाची रेघ. खाण त्याची आणि मिर्कोची निम्मी-निम्मी. मिर्को गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी अ‍ॅडलेडच्या इस्पितळात पडलेला. त्याला कळवणं भाग होतं. पण फोनवर मोठ्याने बोलावं तर भिंतींना कान, आणि लिहावं तर देस्पिनाचा डबा. बातमी फुटली तर त्यांच्याआधी दुसराच कुणी रेघ उकरून नेणार. दगड तंबाखूच्या डबीत घालून तो नऊ दिवस त्याविषयी गप्प राहिला; मिर्कोला रोज नुसतं गुडघ्याचं विचारी.

दहाव्या दिवशी सकाळी त्याने सापळा लावला. मिर्कोला खाजगीत लिहिलं, "पाण्याच्या टाकीपलीकडच्या जुन्या शाफ्टमध्ये रंग दिसतोय. आत्ता एकटाच उतरतोय. कुणाला सांगू नकोस."

त्या शाफ्टमध्ये मातीखेरीज काही नव्हतं. कुणी तिथे आलंच, तर डबा फुटका आणि देस्पिना चोर. त्याने फोन बंद केला, पाव आणि कॉफी घेतली आणि पांढऱ्या मातीच्या ढिगाआड दबा धरून बसला.

दुपार झाली, पाव संपला. माश्या तेवढ्या त्याच्यावर भरवसा ठेवून अंगावर बसत होत्या.

चारच्या सुमारास धुरळा उठला. देस्पिनाचा ट्रक! शेजारी तिचा भाऊ तासोस. झ्वोन्कोच्या तोंडावर हसू फुटलं. उतरल्या उतरल्या ती शाफ्टकडे धावली.

"सापडलीस!" तो ढिगाआडून बाहेर आला. "वाचतेस ना सगळं? बंद पेट्या म्हणे!"

देस्पिना जागच्या जागी थिजली. तिच्या खांद्यावर दोराचं भेंडोळं होतं. तासोसच्या हातात शिडी आणि औषधांची पेटी.

"तू... वरच आहेस?" ती म्हणाली.

"मग काय! तुझी वाट बघतोय."

"गाढवा," तासोस ओरडला, "मिर्कोने आम्हाला फोन केला! तू उतरलास, सहा तास झाले, 'वर' नाही, फोन लागत नाही. इस्पितळात रडतोय तो. रंग गेला खड्ड्यात म्हणाला, आधी माझा माणूस काढा."

देस्पिनाने दोर खाली टाकला आणि त्यावरच बसली. "मी काही वाचलं नाही," ती हळूच म्हणाली. "वाचता येत असतं तर सकाळीच आले असते."

झ्वोन्कोने फोन सुरू केला. मिर्कोचे सतरा निरोप. 'वर ये', 'आलास का', 'म्हाताऱ्या, बोल'. त्याने आधी लिहिलं, "वर."

मग खिशातली डबी चाचपली आणि लिहिलं, "इथलं खोटं होतं. आपल्या खाणीतलं खरं आहे. दहा दिवस झाले. लपवलं."

उत्तर लगेच आलं. "एरवी कधी विचारत नाहीस, आणि दहा दिवस रोज माझ्या गुडघ्याची चौकशी करतोयस. तेव्हाच ओळखलं, याला काहीतरी सापडलंय."

झ्वोन्को इतक्या मोठ्याने हसला की तासोस दचकला.

"काय लिहिलं त्याने?" देस्पिनाने विचारलं.

"कुलूप आहे ना त्याला?" झ्वोन्को डोळे पुसत म्हणाला आणि तिचा दोर गुंडाळायला खाली बसला.