कमरेएवढ्या खुणा

वाटेच्या तोंडाशीच हाल्वोरने निळ्या रंगाचा डबा तुरिदच्या हातात दिला आणि तारेचा ब्रश स्वतःकडे ठेवला.

"साल मी घासतो, रंग तू लाव. आणि डोळ्यांच्या रेषेत, बरं का. कोल्ह्यांना वाट दाखवायची नाहीये."

"एवढं कळतं मला."

"ओस्लोत राहून विसरली असशील, म्हणून सांगितलं."

बर्चची पानं पिवळी पडली की गावातली माणसं टेकडीवरच्या वाटांच्या खुणा नव्याने रंगवत. ही वाट हाल्वोरची आणि तुरिदच्या वडिलांची, आर्नफिनची. दोघं तरुण होते तेव्हापासूनची. गेल्या वर्षी मात्र तुरिदने हाल्वोरला फोन केला होता. बाबांचे गुडघे गेलेत, ओल्या कातळावर घसरले म्हणजे? यंदा त्यांना डबा देऊ नका. आणि मी सांगितलंय हे त्यांना कळू देऊ नका.

हाल्वोरने ऐकलं. 'वाटांच्या समितीने आता तरुणांना घ्यायचं ठरवलंय,' असं आर्नफिनला सांगून आला. आर्नफिनने त्याच्याशी बोलणंच टाकलं. दुकानात समोरासमोर आले तरी पाठ फिरवायचा, असं शेजारीण फोनवर सांगायची. तुरिद ऐकून घ्यायची आणि विषय बदलायची. एप्रिलमध्ये आर्नफिन गेला. अंत्यविधीला चर्चमध्ये हाल्वोर शेवटच्या बाकावर बसला, आणि त्याला पुढे बोलावण्याचं धैर्य तुरिदला झालं नाही.

आज तिला एकच विचारायचं होतं. बाबा जाताना हाल्वोरलाच दोष देत गेले का?

दलदलीवरच्या फळ्या ओलांडून दोघं पाइनच्या झाडीत शिरली. लांब कुठेतरी एल्क हरणांच्या शिकाऱ्यांचा बार झाला. हाल्वोर एका झाडापाशी थांबला, पण त्याने साल घासली नाही.

खोडावर खूण आधीच होती. कमरेएवढ्या उंचीवर, ओघळ आलेली, गडद निळी. पुढच्या झाडावरही तशीच.

"हा आमच्या होडीचा रंग," तुरिद म्हणाली.

"हं. खांदा वर जात नव्हता त्याचा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तो गेल्यावर कळलं. गेल्या वर्षी मीही वर आलो नव्हतो. बर्फ वितळल्यावर आलो तेव्हा."

म्हणजे बाबा एकटे आले होते. दर रविवारी फोनवर 'घरीच शेकोटीपाशी बसलोय' म्हणणारे बाबा ही वाट एकटे चढले होते. पडले तर हात द्यायला शेजारी हाल्वोर नसणार, याची व्यवस्था तिनेच करून ठेवली होती.

ती प्रत्येक झाडावर, बाबांच्या खुणेच्या वर, नवी खूण रंगवत गेली. मोठ्या शिळेपाशी बाबांच्या खुणा संपल्या. तिथून माथ्यापर्यंत फक्त जुने, फिकट पट्टे होते.

माथ्यावर हाल्वोरने थर्मास उघडला. तिने कप हातात धरला, पण प्यायली नाही.

"हाल्वोर, बाबा शेवटपर्यंत तुमच्यावर रागावलेलेच होते?"

"फेब्रुवारीपर्यंत. मग एक दिवस दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, 'तुला धड खोटंही बोलता येत नाही. फोन तुरिदचा होता ना?'"

"मग? काय सांगितलंत?"

"म्हटलं, कॉफी घेणार का."

"हाल्वोर!"

"काय करू? घेतली त्याने. मग दुसरा कप मागितला. जाताना म्हणाला, 'मला कळलंय हे तिला सांगू नकोस. जिवाला लावून घेईल.'"

तुरिद दरीपलीकडच्या टेकड्यांकडे बघत राहिली. बाबा चिडले असते, फोन आपटला असता, तर तिला काहीतरी उत्तर तरी देता आलं असतं.

"मग चर्चमध्ये मागे का बसलात?"

"पुढे बसलो असतो तर तू विचारलं असतंस, भांडण कधी मिटलं म्हणून. आणि मला खोटं बोलता येत नाही, हे तुझ्या बापानेच ठरवून टाकलेलं."

उतरताना झाडांची दुसरी बाजू रंगवायची होती, वरून येणाऱ्यांना दिसावी म्हणून. शिळेच्या खाली आल्यावर तुरिद थांबली. बाबांच्या प्रत्येक झाडाची ही बाजू कोरीच होती. जुना पुसट पट्टा, बस्स.

"थकले असतील," ती म्हणाली. "परतताना हातात त्राण उरलं नसेल."

"छे. चढतानाची बाजू त्याची, उतरतानाची माझी. पहिल्यापासून तसंच होतं." हाल्वोरने नाक ओढलं. "एवढा रागावलेला होता, तरी माझ्या वाट्याला हात लावला नाही पठ्ठ्याने."

त्याने हात पुढे केला. तुरिदने रंगाचा ब्रश त्याला दिला, त्याच्याकडचा तारेचा घेतला आणि पहिल्या झाडाची साल घासायला लागली. जुना पट्टा गेला, त्याखालची करडी साल गेली, आतली तांबूस दिसायला लागली, तरी तिचा हात थांबेना.

"हळू, तुरिद," हाल्वोर म्हणाला. "झाडाने काय केलंय?"