व्यापाऱ्याच्या गाडीचे बैल

ही गोष्ट २०२३ सालची. शिमगा होऊन गेला होता आणि बदलापुरातल्या सोसायट्यांना आपल्या आवारातली झाडं एकदम आठवायला लागली होती. दरवर्षी हेच होतं. वर्षभर लोक झाडाच्या सावलीत गाड्या लावतात आणि पावसाळा जवळ आला की फांदी पडेल म्हणून घाबरतात. मग पालिकेची परवानगी काढा, छाटणीवाला शोधा, अशी धावपळ सुरू होते.

आमच्या घरात हे काम जुनं. माझे यजमान हिरामण आणि धाकटा दीर भगवान, दोघे आडव्या करवतीचे. एक इकडून ओढायचा, दुसरा तिकडून. बदलापुरातल्या आमच्या मांजर्लीत तेव्हा घरं थोडी आणि झाडं फार. नदीकाठचा आंबा पडला की ते दोघे बुंधा असा कापायचे की भुसा दोन्ही अंगांना सारखा पडे. ओल्या आंब्याच्या भुशाचा तो आंबूस वास मला अजून येतो. हिरामण गेले, करवत माळ्यावर गेली आणि भगवान भाऊजींनी चेनसॉचं मशीन घेतलं. धंदा त्यांचा झाला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जो करतो त्याचा धंदा.

तक्रार पुढची आहे. माझी सून हर्षदा बारवी धरणाच्या वरच्या अंगाच्या गावातली. लहानपणापासून रानात गेलेली, झाडाला न घाबरणारी. सोसायट्यांचे फोन ती घ्यायची, परवानगीचे अर्ज ती करायची, खाली उभी राहून कुठली फांदी कुठे पडेल ते ती सांगायची. भाऊजी मशीन चालवायचे आणि संध्याकाळी ‘मदत केलीस’ म्हणून तिच्या हातावर काहीतरी ठेवायचे, पोराला खाऊ द्यावा तसं.

आदल्या वर्षी शिरगावच्या एका सोसायटीचं काम तिने स्वतः आणलं. तिथले सेक्रेटरी भाऊजींशी न बोलता हर्षदाशी बोलत होते, एवढंच झालं. भाऊजींनी अर्ध्या कापलेल्या फांदीखालून मशीन उचललं आणि निघून गेले. फांदी तशीच लोंबत राहिली, खाली लोकांच्या गाड्या, आणि सगळ्यांचं ऐकून घ्यायला हर्षदा एकटी.

या वर्षी त्याच सोसायटीने तिला पुन्हा बोलावलं. पण सेक्रेटरींनी बजावलं, काम पुन्हा अर्धवट राहिलं तर शिरगावात कोणी तुम्हाला दारात उभं करणार नाही. त्या संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता ती मला म्हणाली, “आई, मला माझं मशीन पाहिजे. आणि ते बंद पडणारं नको.”

मला कळलं ते. मशीनने दगा दिला तर तिला परत भाऊजींच्या मागे उभं राहून ‘मदत’ करावी लागली असती, जन्मभर.

माझा मुलगा अभिजीत अंबरनाथच्या कंपनीत शिफ्टला जातो. माणूस चांगला, पण भांडणाच्या आवाजाने त्याचं पोट दुखतं. बायकोने चेनसॉ घ्यायला त्याची हरकत नव्हती. फक्त काकांना सोबत ने म्हणाला, त्यांना मशीनमधलं कळतं. मी म्हटलं, मग मीपण येते. तो म्हणाला, आई, तुला त्यात काय कळणार? मी चपला घातल्या.

हर्षदाच्या स्कूटरवर मागे बसून मी उल्हासनगर कॅम्प चारला गेले. भाऊजी त्यांच्या मोटरसायकलवर पुढे. माझ्या लग्नाची भांडी घ्यायला माझी आई मला इथेच घेऊन आली होती. तेव्हा नुसत्या बराकी होत्या, आणि एका सिंधी म्हातारीने आम्हाला आधी पापड खायला दिला आणि मग भांडी दाखवली. आता बराकी ओळखूही येत नाहीत. गल्लीभर वर्कशॉपं, मोटारी, पंप, फवारणीची यंत्रं.

हरेश नावाच्या माणसाचं दुकान भाऊजींच्या ओळखीचं. पुढे काचेच्या कपाटात मशीनं मांडलेली, मागे पत्र्याची शेड. भाऊजींनी आत शिरताच एका लालभडक मशीनवर हात ठेवला. एका ओढीत सुरू होतं, म्हणाले. हरेशने कंपनीची वॉरंटी सांगितली, ताकद सांगितली, वजन सांगितलं. विकायचा खोका मात्र सीलबंद होता.

“चालवून दाखव,” मी म्हटलं.

हरेश हसला. सील फोडलं की माल सेकंडहँड होतो, मग तो घेणार कोण, असं त्याचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं. “मासी, टीव्ही लेते हो तो दुकान में पूरा पिक्चर देखते हो क्या?”

“टीव्ही बंद पडला तर डोक्यावर फांदी नाही पडत, हरेशभाई,” हर्षदा म्हणाली.

भाऊजी मला म्हणाले, “वहिनी, हे काय भांडं आहे का वाजवून घ्यायला?”

“भांडंपण मी वाजवूनच घेते, भाऊजी.”

आणि मी तिथल्या एका रिकाम्या खोक्यावर बसले. हर्षदा शेजारी उभी राहिली. गिऱ्हाइकं येत होती, आमच्याकडे बघत होती. हरेशला ते बरं वाटेना. शेवटी त्याने त्याच जातीचं एक नमुन्याचं मशीन काढलं, मागच्या शेडमध्ये नेलं, तेल मिसळलेलं पेट्रोल भरलं. भाऊजींनी दोरी ओढली. खरंच एका ओढीत सुरू झालं. बाभळीचा एक ओंडका पडला होता, त्याच्या दोन चकत्या त्यांनी पाडल्या आणि मान वर करून आमच्याकडे पाहिलं. हरेश लगेच फडक्याने मशीन पुसायला लागला.

मी म्हटलं, आता चहा मागव.

माझा बाप वांगणीकडचा शेतकरी. म्हसा गावच्या यात्रेत बैल घ्यायला तो मला खांद्यावर बसवून न्यायचा. सकाळी ताजा बैल सगळ्यांनाच चांगला दिसतो, असं तो म्हणायचा. व्यापारी रात्रभर त्याला चारतो, शिंगांना तेल लावतो. बापूस काय करायचा, बैलाला भरल्या गाडीला जुंपून चढावर न्यायचा, घाम फुटला की सोडायचा. मग सावलीत बसून सावकाश पान खायचा. पान संपलं की पुन्हा जुंपायचा. जो बैल गरम अंगाने दुसऱ्यांदा उठतो, तो बैल. बाकीचे नुसते पोळ्याला मिरवायला. व्यापारी चिडायचे, शिव्या द्यायचे. बापूस पान चघळत राहायचा.

आम्ही चहा प्यायलो. मी मुद्दाम फुंकर घालत प्यायले. मग हर्षदाला म्हटलं, आता तू ओढ.

तिने ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. भाऊजींनी मशीन तिच्या हातातून घेतलं, बायकांच्या हाताला झटका नसतो म्हणाले, आणि स्वतः ओढत राहिले. कपाळावर घाम आला त्यांच्या. मशीन नुसतं खोकत होतं.

“गरम झालंय,” भाऊजी म्हणाले. “थंड झालं की होतं सुरू. सगळ्याच मशीनांचं असं असतं.”

“वर चांगो दोराला लटकलेला असेल,” हर्षदा म्हणाली, “तेव्हा त्याला सांगू का, थांब रे बाबा, मशीन थंड होतंय?”

चांगो म्हणजे आमचा झाडावर चढणारा गडी, वांगणीकडच्या वाडीतला.

हरेश ओशाळला. नमुन्याचा माल आहे, खूप जणांनी हाताळलाय म्हणाला, आणि त्याच जातीचं एक नवं मशीन स्वतःहून फोडलं. तेही गरम करून, थांबवून, पुन्हा ओढलं. चार-दोन झटक्यांनी का होईना, झालं सुरू. झालं ना समाधान, असं भाऊजी म्हणाले. हर्षदा माझ्याकडे बघायला लागली. तिची मान हो म्हणायला निघाली होती, ते मला दिसत होतं. भर दुपार, सगळे कंटाळलेले, आणि लाल मशीन दिसायला देखणं.

माझ्या बापाची दुसरी एक रीत होती. व्यापारी विकायला आणलेले बैल दावणीला बांधतो. पण तो स्वतः ज्या गाडीतून जत्रेला येतो, त्या गाडीचे बैल लांब, झाडाखाली उभे असतात. ते तो विकायला काढत नाही. बापूस आधी त्या बैलांकडे जायचा, त्यांची जात बघायचा, खूर बघायचा.

दुकानाच्या बाहेर मी येताना एक पाटी वाचली होती, ‘मशीन किराये पर मिलेगा’. मी हरेशला विचारलं, “भाड्याने कुठलं मशीन देतोस तू?”

हरेशची नजर शेडच्या कोपऱ्याकडे गेली. हर्षदाने माझ्याकडे पाहिलं आणि ती तिकडे गेली. ताडपत्री उचलली. खाली मशीनं ओळीने ठेवलेली, रंग उडालेली, मुठी घासून गुळगुळीत झालेल्या. सगळी एकाच कंपनीची. आणि पुढच्या काचेच्या कपाटात त्या कंपनीचं एकही नव्हतं.

“हे का नाही दाखवलंत?” तिने विचारलं.

“कस्टमर नया मांगता है, लाल मांगता है,” हरेश म्हणाला. मग खरं बोलला, “आणि या मालात मला सुटतं कमी. पण ही मशीनं कंप्लेंट घेऊन परत येत नाहीत. भाड्याची मशीन बंद पडली तर माझा दिवस जातो, ना.”

नवं मागवायला महिना लागणार होता. शिरगावचं काम पुढच्या आठवड्यात. हर्षदा म्हणाली, मग यातलंच एक द्या. हरेशने दोन्ही हात हलवले. ते विकायचं नाही, त्यावर त्याचं दुकान चालतं.

ती ऐकेना. तिने एक मशीन निवडलं आणि मग मला पुढे काही सांगावं लागलं नाही. सुरू करून तिने ते जमिनीवर ठेवलं आणि नुसतं बघत राहिली, वेग न देता साखळी आपोआप फिरते का. फिरत नव्हती. ब्रेक लावून बघितला. पात्याचं टोक एका पुठ्ठ्यासमोर धरून वेग दिला, पुठ्ठ्यावर तेलाचा पट्टा उमटला, म्हणजे साखळीला तेल पोचत होतं. बाभूळ कापली, बंद केलं, आणि या वेळी चहाही तिनेच मागवला. चहानंतर एका ओढीत सुरू. मग तिने हरेशला त्या मशीनचे सुटे भाग समोर मांडायला लावले. नुसतं ‘मिळतील’ तिला चालेना. साखळी, पातं, फिल्टर, दोरी, सगळं त्याच्या कपाटात आहे हे डोळ्यांनी बघितलं. दोरी झिजली होती, ती तिथेच बदलायला लावली.

भाऊजी भिंतीला टेकून हे बघत होते. “जुनं घेऊन चाललीस? धंद्याची सुरुवात सेकंडहँडने? लोक हसतील.”

“हसू दे, काका. तुमचं मशीन नवंच होतं गेल्या वर्षी. मला अर्ध्या फांदीखाली सोडून गेलं.”

“मशीन नाही गेलं,” भाऊजी म्हणाले. “मी गेलो.”

हर्षदाने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“माहितीये,” ती म्हणाली. “म्हणून तर माझं घेतेय.”

हरेश अजून अडून होता. बिकाऊ नहीं है, बिकाऊ नहीं है. तेव्हा मी पुन्हा त्या खोक्यावर बसले आणि म्हटलं, बरं, मग आम्ही भाड्याने नेतो. पावसाळा संपेपर्यंत रोज सकाळी हेच मशीन न्यायला येऊ, आणि मी रोज सोबत येईन, इथेच बसेन, चहा पिईन. हरेशने कपाळाला हात लावला. “नको मासी, घेऊन जा.” भिशी नेमकी त्या महिन्यात हर्षदाला लागली होती, तिने व्यवहार पुरा केला.

शिरगावच्या कामाला मी गेले. सेक्रेटरींनी मला खुर्ची दिली. भाऊजी बोलावलं नव्हतं तरी आले, पण फाटकाबाहेर रस्त्यापलीकडे उभे राहिले. गुलमोहराची जाड फांदी, खाली पार्किंग, चांगोने दोर बांधून खोडाला वळसा दिलेला, आणि बुंध्याशी शिडीवर हर्षदा. पातं फांदीत निम्मं शिरलं आणि मशीन बंद पडलं.

खिडक्यांतून लोक बघत होते. मला खुर्चीत बसवेना. भाऊजी रस्ता ओलांडून फाटकाशी आले, त्यांचं मशीन मोटरसायकलला बांधलेलं होतंच. हर्षदाने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने पातं सोडवलं, शिडीवरून खाली आली, झाकण उघडलं. हवेचा फिल्टर भुशाने गच्च भरला होता. गुलमोहराचा भुसा बारीक, पिठासारखा. तिने पदर खोचला, फिल्टर झटकला, ब्रशने साफ केला, झाकण लावलं. मशीन अजून तापलेलं. वर चढून तिने दोरी ओढली.

सुरू झालं. फांदी दोरावर सावकाश खाली आली, एखादी म्हातारी जिना उतरते तशी. भाऊजी फाटकातूनच परत गेले.

पुढचं सांगते. हरेशने ती कंपनी पुढच्या कपाटात मांडली, पण लालच जास्त खपतं म्हणतो. चांगोने वांगणीला घर बांधलं आणि आता फक्त हर्षदाच्या कामाला चढतो, दुसऱ्या कोणाच्या नाही. अभिजीत कंपनीत आहे अजून, आणि मित्रांत ‘आमचं मशीन’ म्हणतो, ते आम्ही ऐकून घेतो. भाऊजींचे गुडघे गेले. त्यांनी आपलं मशीन विकलं. आता ते आमच्या ओट्यावर बसून हर्षदाच्या साखळ्यांना कानस मारतात, कारण धार त्यांच्यासारखी कोणाला लावता येत नाही. ती त्यांना मजुरी देते, सगळ्यांसमोर, ठरलेली. पहिल्यांदा त्यांनी घेतली नाही. दुसऱ्यांदा घेतली.

हर्षदाने मागच्या वर्षी दुसरं मशीन घेतलं. एकटी जाऊन आली, मला विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

आणि मी मांजर्लीतच आहे. पावसाळ्यात नदीचं पाणी दारापर्यंत येतं, कधी आत येतं. मुलगा म्हणतो शिरगावला वरच्या मजल्यावर घर बघू. त्याने खुशाल बघावं. मी सामान माळ्यावर टाकते, पाणी उतरलं की अंगण धुते, आणि राहते.