सत्त्याण्णव

एकवर.

डॉक्टरांनी प्राणवायूच्या सिलिंडरची चावी एकवर ठेवून बजावलं होतं, "हात लावायचा नाही." आणि हा वेल्डर. चाळीस वर्षं गॅसच्या चाव्या फिरवल्या, त्या धुरात फुप्फुसं घालवली. यालाच चावी शिकवायची?

"ज्योत मंद आहे," तो बायकोला म्हणाला. "एवढ्याशावर पत्रासुद्धा तापत नाही."

"तुम्ही काय पत्रा आहात?"

"गंजलेला."

चारवर.

बोटाला लावलेल्या, रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या चिमट्यावर आकडा चढला. नव्वद. त्र्याण्णव. सत्त्याण्णव! बायकोनं सुनेला बोलावून दाखवला, मुलाचे मार्क दाखवावेत तसा.

जेवणानंतर "डोकं जड झालंय" म्हणत तो आडवा झाला. किती दिवसांनी! धाप नाही. गालांवर लाली, तळहात उबदार.

"झोपू दे गं," ती सुनेला म्हणाली. "दृष्ट लावू नकोस."

साडेचार.

चहा झाला. हाक मारली. पुन्हा मारली. खांदा हलवला.

डोळे अर्धे उघडले. "वहिनी, शटर ओढा," तो बायकोला म्हणाला आणि परत बुडाला.

वहिनी?

"आई, आकडा तर छान आहे," सून म्हणाली.

"आकड्याचं काय घेऊन बसलीस? मला ओळखलं नाही यांनी!"

फोन.

"चावी कितीवर आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"चार."

"एकवर आणा. बंद करू नका. रुग्णवाहिका पाठवतो."

"पण सत्त्याण्णव..."

"त्यांना नव्वद पुष्कळ. आत गेलेलं चिमटा सांगतो. बाहेर न पडलेलं सांगत नाही. जास्त प्राणवायूनं श्वास मंदावला, कार्बन डायऑक्साइड रक्तात साठलाय, त्याचीच ही गुंगी."

तिनं चावी फिरवली. चार, तीन, दोन. एक. मीच झोपू दिलं.

मास्क.

रुग्णालयात, नाकातोंडावर घट्ट. यंत्र हवा आत ढकलत होतं, बाहेर सोडत होतं. मनगटातून रक्त घेतलं.

"दोन तासांनी परत बघू," डॉक्टर म्हणाले. "कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण उतरलं नाही, तर घशात नळी घालावी लागेल."

ती खुर्चीत बसली. पाणी नको म्हणाली.

दुसरं रक्त.

"उतरतंय," नर्स म्हणाली. एवढंच.

थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले, छत बघितलं, मग तिच्याकडे. मास्कमधून आवाज डब्यातून यावा तसा आला.

"तू इथे? मग घरी कोण आहे?"

"सून आहे," तिनं नीट उत्तर दिलं. आणि मग रडायला लागली.