वरचे दात

सारिकाच्या मुलीला पहिले दात आले ते वरचे आले. एक नव्हे, दोन्ही जोडीनं. सकाळी नाचणीची खीर भरवताना चमच्यावर काहीतरी टक् करून वाजलं. सारिकानं बोटानं लेकीचा ओठ वर केला आणि हिरडीतून डोकावणारे दोन तांदळाचे दाणे पाहून ती हरखली. मग खालचा ओठ खाली केला. खाली काहीच नव्हतं, नुसती गुळगुळीत हिरडी. चमचा तिच्या हातात तसाच राहिला.

ज्यांच्या माहेरी असलं काही मानत नाहीत त्यांना वाटेल, यात काय एवढं? पण सारिकाचं माहेर नाणे मावळातलं, आणि त्या घरात दाताला अर्थ फार. दात पडल्याचं स्वप्न पडलं तर घरातलं माणूस जाणार. पुढच्या दातांत फट असली तर पोरगी नशीब काढणार. आणि तान्ह्याचे वरचे दात आधी आले, तर ते मामाला जड. जड म्हणजे नेमकं किती जड, हे कुणी सांगत नसे. बायका आवाज खाली आणून तेवढंच बोलत आणि लगेच भाताच्या लावणीवर घसरत. त्यावर उताराही होता: मामानं भाचराला चांदीची वाटी द्यायची, आणि ती देईपर्यंत त्याचं तोंड बघायचं नाही. कॉलेजात असताना सारिका या सगळ्याला पोट धरून हसलेली. बी.एस्सी. झालेली बाई. पण स्वतःचा भाऊ मध्ये आला की शिकलेलं कुठं पळून जातं, देव जाणे.

आणि यातली गंमत बघा. ज्या मामानं भाचीचं तोंड बघू नये, त्यानं ते आठ महिन्यांत एकदाही बघितलं नव्हतं.

गोरख तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, तेव्हापासून सारिकाची शाळा, सायकल, ताप, परीक्षा, सगळं त्यानंच पाहिलं. त्याला बैलगाडा शर्यतींचा नाद. वासराचा खालचा ओठ ओढून तो एका नजरेत वय सांगायचा. दुधाचेच दात असतील तो आदत, दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा. सारिका शेवटच्या वर्षाला होती तरी घरी आलेल्या पाहुण्यांना तो सांगायचा, आमची अजून आदत हाय, लग्नाचं काढू नका. पाहुणे हसायचे, ती रागवायची, आणि मनातून तिला ते फार आवडायचं.

मग या आदत पोरीनं स्वतःच लग्न ठरवलं. पवन तिच्याच कॉलेजातला, रेल्वेत सिग्नलच्या कामाला लागलेला, आणि बौद्ध. गावात नको ते बोलून झालं. गोरखनं मात्र आदळआपट केली नाही, कुणाच्या अंगावर धावून गेला नाही. त्यानं बोलणं टाकलं. तिचं नाव घरात निघालं की तो ताटावरून उठायचा, म्हणून मग नाव निघायचं बंद झालं. चार शिव्या दिल्या असत्या तर सारिकाला बरं वाटलं असतं. शिव्या संपतात तरी.

ती लोणावळ्यात राहायला आली, भुशीच्या रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर. आणि नशीब असं की गोरखचा दुधाचा पिकअप रोज सकाळी त्याच रस्त्यानं वरच्या हॉटेलांना दूध घालायला जायचा. घरात शिरल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं तो ओळखला, मागच्या फळीवर त्याच्या जुन्या बैलाचं नाव रंगवलेलं होतं. तेव्हापासून ती रोज गॅलरीत उभी राहायची. आधी पोट घेऊन, मग पोर घेऊन. पिकअप यायचा, कॅन एकमेकांवर खडखडायचे, खिडकीतून त्याचं कोपर दिसायचं, आणि गाडी पुढच्या वळणावर दिसेनाशी व्हायची. त्याची मान कधी वर झाली नाही. तरी ती उभी राहायची. पावसात गॅलरीत पागोळ्या गळायच्या तरी उभी राहायची. लेकीलाही इतकी सवय झाली की कॅन वाजले की ती हात नाचवायची. बाकी सगळा दिवस सारिकाचा चांगला जायचा. पवन भला माणूस होता, सासू मायेची होती. पण त्या कोपरासाठी तिचा जीव रोज सकाळी तुटायचा, हे खरं.

सासू यशोधराबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या बाई. रविवारी विहारात मुलांना पाली शिकवायच्या. नातीला दात आले हे कळताच त्यांनी साखर वाटायची तेवढी बाकी ठेवली. तिला मांडीवर घेऊन त्यांनी तिथंच शिकवणी सुरू केली. पालीत म्हणायचं दन्त, आणि तोच लोकांच्या तोंडात घासून घासून दात झाला. फणीला दात, करवतीला दात, विळ्याला दात, आता आमच्या राणीलाही दात. सारिकानं सहज म्हणून आदत शब्दाचं विचारलं, तर बाई खूश झाल्या. अ म्हणजे नाही, दन्त म्हणजे दात, ज्याला दात नाहीत तो अदन्त, तोच तुमच्या बैलवाल्यांचा आदत. सारिका हसली आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

दुपारी आईचा फोन आला. नंदाबाई, गोरख रानात गेला की चोरून करायच्या. पोरीला दात आले म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न तोच केला, वरलं का खाललं. सारिकाला खोटं बोलायचं होतं. बोलता आलं नाही.

पलीकडून नंदाबाईंनी आवाज खाली आणला.

"त्येच्या नदरंला पडू देऊ नको गं पोरीला," त्या म्हणाल्या. "जत्रा तोंडावर आलीय. गाड्याम्होरं घोडी पळवतो त्यो."

घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडा सुटला की त्याच्यापुढं घोडीवरून स्वार सुटतो. मागून बैल उधळलेले, पुढं हा. सारिकानं लहानपणी एक स्वार पडलेला पाहिला होता. तो मग दोन वर्षं खाटेवर होता. वाटीचं तर बोलणंच नको, कारण भाचीला वाटी दे असं गोरखला सांगणार कोण? तिचं नाव ज्या घरात निघत नाही, तिथं तिच्या लेकीचे दात कसे निघावेत?

दुसऱ्या दिवसापासून सारिकानं गॅलरीत जायचं सोडलं. तो वर बघत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण नेमकी आत्ताच एकदा मान वर झाली तर? इतके दिवस जे घडावं म्हणून ती उभी राहिली, ते आता घडू नये म्हणून तिनं गॅलरीचं दार लावून घेतलं. पिकअप यायच्या वेळी ती लेकीला घेऊन आतल्या खोलीत बसायची. कॅनचा आवाज ऐकून पोर दाराकडं झेपावायची, हट्टानं रडायची. सारिकाला वाटायचं, हिला रडता तरी येतंय.

तिसऱ्या दिवशी यशोधराबाईंनी विचारलंच. सारिकानं खरं ते सांगून टाकलं. तिला वाटलं, बाई हसतील, समजूत घालतील. बाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"माझ्या आजीची सावली पडली तर लोक अंघोळ करायचे, सारिका. तिला लोकांच्या वाटेतून बाजूला उभं राहावं लागायचं. आणि आज माझ्याच घरात माझ्या नातीचं तोंड लपवायचं?"

हे सारिकाच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि आलं नव्हतं याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली. तिला भावाचा जीव दिसला होता, लेकीचा चेहरा दिसला नव्हता. ती एवढंच म्हणाली की चुकलं, आई. यशोधराबाईंनी नातीला उचललं आणि मुद्दाम गॅलरीत नेऊन उन्हात बसवलं. पिकअप तेव्हा कधीचा येऊन गेला होता.

त्यानंतरच्या सकाळी मात्र सारिकाला काय करावं कळेना. लेकीला घेऊन बाहेर जावं तर भावाची धास्ती, आत बसावं तर सासूचे शब्द. ती आपली स्वयंपाकघराच्या दारात, ना आत ना बाहेर, अशी उभी राहिली. खालून कॅन खडखडले. आवाज जवळ आला आणि थांबला. इंजिन बंद झालं. जिन्यात पावलं वाजली, जड, चपलांची. बेल वाजली नाही, दारावर थाप पडली. बेल सोडून थाप मारणारं माणूस तिला एकच ठाऊक होतं.

दार यशोधराबाईंनी उघडलं. गोरख उंबऱ्याबाहेर उभा होता. कपाळाला घाम, शर्टावर दुधाचे शिंतोडे. दाढीत पांढरे केस आले होते. सारिकानं ते कधी पाहिले नव्हते, कोपरावरून तेवढं कळत नाही.

"चार दिस झालं," तो यशोधराबाईंकडं न बघता, उंबऱ्याकडं बघत बोलला. "गॅलरीत कुणी दिसंना. म्हटलं, पोर आजारी बिजारी हाय का काय."

सारिकानं त्याला पाहताच लेकीचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं होतं आणि त्याच्याकडं पाठ केली होती. पाठमोरीच ती म्हणाली, "तुला काय माहीत मी उभी असते? तू तर कधी वर बघत नाहीस."

"आरशात बघतो. म्होरल्या वळणापातूर दिसता दोगी."

इतके सगळे महिने ती त्याची मान वर होण्याची वाट बघत होती, आणि तो रोज पुढं गेल्यावर तिला बघत होता. दोघांनीही एकमेकांना पोटभर पाहून घेतलं होतं, आणि दोघंही उपाशी राहिले होते. सारिकाला वळून त्याच्या गळ्यात पडायचं होतं, आणि तिनं लेकीला आणखी घट्ट धरलं.

"दादा, तू जा," ती म्हणाली. "हिचे वरचे दात आधी आलेत. तुला जड आहेत. वाटी आणल्याबिगर हिचं तोंड बघू नको."

गोरखही त्याच घरातला. वरच्या दातांचं त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जत्रा, घोडी, घाट, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. त्यानं एकदा जिन्याकडं पाहिलं. यशोधराबाई दाराला धरून उभ्या होत्या, त्या बाजूला झाल्या नाहीत.

"वाटी सांजच्याला आणतो," गोरख म्हणाला. "पर आत्ता बघू दे."

"नको, दादा."

"फिरव तिला, सारे."

सारे अशी हाक तिला त्याच्याखेरीज जगात कुणी मारत नसे. तिला भीती वाटत होती, अगदी खरी भीती, आणि तरीही तिच्यानं राहवेना. तिनं लेकीला खांद्यावरून सोडवलं आणि भावाकडं तोंड करून धरलं. पोर नव्या माणसाकडं टकामका बघत राहिली. मग त्याच्या गळ्यातल्या दोऱ्याकडं बघून तिला काय वाटलं कोण जाणे, ती हसली, आणि दोन्ही दात दिसले.

गोरख बघतच राहिला. यशोधराबाईंनी त्याला आत यायला सांगितलं. त्यानं चपला काढल्या, उंबरा ओलांडला आणि बहिणीसमोर येऊन उभा राहिला.

"नाव काय ठेवलंय हिचं?" त्यानं विचारलं.

ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या घरात ते सांगायची कुणाची छाती झाली नव्हती. सारिकानं ते सांगितलं.

"संघमित्रा," गोरख हळूच म्हणाला, आणि शर्टाला हात पुसून त्यानं भाचीला घ्यायला ते पुढं केले.