काठावरची तांबडी माती

राखेत लोखंडी गोळी पडल्याचा आवाज, आवाज म्हणावा इतकासुद्धा नसतो. थकलेल्या बाईनं भिंतीला पाठ टेकावी, तेवढाच. आमच्या सुमनवन्सं मला त्या आवाजातूनच आठवतात. चैत्राचं ऊन ओसरीच्या कडेला येऊन बसलेलं, पुढ्यात परात, परातीत खाली तांबडा मुरूम, वर चुलीची चाळलेली राख, आणि उंच धरलेला त्यांचा सावळा, सडपातळ हात. हातातून गोळी सुटायची आणि करड्या राखेतून निमिषात एक तांबडं फूल उमलायचं. पाकळ्या दाही दिशांना फेकलेल्या, मधोमध वाटोळी, शांत जखम.

वन्सं म्हणजे माझ्या मालकांची धाकटी बहीण. आभाळातून पडलेल्या पाषाणांनी धरतीला विवरं कशी पडतात, हे शोधण्यात त्यांचं सगळं तारुण्य गेलं. लोणारच्या काठावर त्यांनी उन्हं झेलली, शहरात कॉलेजात शिकवलं, आणि केस पिकल्यावर माहेरी परतून, आमच्या शेजारच्या खोलीत वेगळी चूल मांडून, एक म्हैस पाळली. मी शाळा पाहिलेली नाही, अक्षरं आपली आपण जुळवली. पण त्यांनी सांगितलेलं मला कळायचं, बरं का.

"वहिनी, दगड खड्डा खणत नाही. तो आदळतो, आणि त्याचा धक्का पुढं जात राहतो. जमीन आधी दबते, मग उसळते. काठावर बघा, तळाची माती उलटून वर आलीय. खऱ्या विवराची खूण तीच."

"आन् दगड?"

"मोठा असला तर त्याची वाफ होते. आदळणारा बहुधा उरतच नाही, वहिनी. खड्डा उरतो."

मग तो दुष्काळ आला. तेलगावकडचा ऊस उभ्या जागी वाळला, विहिरींचे तळ उघडे पडले, आणि आमच्या गावात दोनच गोष्टी ओल्या राहिल्या: दूध संस्थेच्या टँकरची तोटी आणि संस्थेच्या चेरमनची जीभ. धर्मापुरीच्या वाटेला एक वाटोळा खळगा होता. आभाळातला दगड पडून झालेला, असं म्हातारी माणसं सांगत. चेरमननं मनात मांडे खाल्ले: तसा सरकारी शिक्का बसला तर सडक येईल, पाहुणे येतील, पाहुण्यांमागं पाण्याची पाइपलाइन येईल. शिक्क्यासाठी जाणत्या माणसाचा शब्द हवा होता, आणि जाणतं माणूस गावातच होतं.

वन्संनी काठावर चर खणवला, उन्हात बसून बोटांनी थर चाचपले आणि संस्थेच्या ओट्यावर, दुधाच्या कॅनांपुढं उभं राहून सांगितलं, "वर काळी, खाली मुरूम, त्याखाली खडक. काहीच उलटलेलं नाही. गाळानं भरलेला जुना तलाव आहे हा."

चेरमन हसला. "सुमे, एवढी शिकलीस, आन् गावासाठी एक दगड पाडता येईना व्हय तुला?"

ओटा खदखदला.

"आबा, दगड पडला असता तर मातीनं सांगितलं असतं."

"माती काय मत द्याला येती का बे!" मागून कुणीतरी ओरडलं.

एकच बाई हसली नाही. रिकामी कळशी कडेवर तशीच धरून ती म्हणाली, "ताई, खोटं बोलून पाणी येत आसंल, तर कावून न्हाई बोलत तुमी?" वन्संच्या डोळ्यांत तेव्हा जे हललं, ते मी विसरलेले नाही. पण त्यांनी शब्द फिरवला नाही.

गावाचं क्रौर्य गर्जत येत नाही, बाई. ते सकाळच्या उन्हासारखं, आपल्याच अंगणातून, हळूच चढत येतं. दुसऱ्या दिवशी संस्थेनं त्यांचं दूध परत केलं, फॅट लागत नाही म्हणून. टँकरपुढं त्यांची घागर पायानं मागं, अजून मागं, सरकत सरकत रांगेबाहेर गेली. मी माझ्यातलं पाणी देऊ लागले, तर माझीही घागर सरकली. वन्सं मंद हसल्या. "धक्का पुढं जातोय, वहिनी. तुम्ही बाजूला व्हा."

म्हैस चारा छावणीत गेली ती परतली नाही. वन्सं लांबच्या ओढ्यातल्या झिऱ्यावर वाटीवाटीनं घागर भरू लागल्या. वैशाखात, भर दुपारी, ऊन लागून त्या वाटेतच कोसळल्या. मी पोचले तेव्हा तहानलेल्या जमिनीनं पाणी पिऊन टाकलं होतं. मातीची घागर फुटून विखुरली होती, आणि ती पडली तिथं धुळीत एक लहानसा वाटोळा खळगा उमटला होता, काठ उचललेला, धुळीच्या पाकळ्या दूरवर फेकलेल्या.

वर्षश्राद्धाला चेरमननं धर्मापुरीच्या वाटेवर नारळ फोडला, डोळे पुसले आणि पत्र्याची पाटी रोवली: 'उल्का विवर. शोधकर्त्या: गावची सुकन्या कै. सुमनताई.' सडक आली नाही, पाइपलाइन आली नाही. पाटी तेवढी आली. जे त्यांनी मरेस्तोवर म्हटलं नाही, ते त्यांच्याच नावानं आता उन्हापावसात उभं असतं.

आज चेरमन नाही, संस्था नाही, ओट्यावरचं ते हसूही नाही. आदळणाऱ्यातलं काहीच उरलेलं नाही. काळ आपला वरून राख चाळत राहतो, थरावर थर, मऊ, करडी. पण आठवणीच्या काठावर कुठंही बोट टेकवलं, की वर हाताला लागते ती तळाचीच माती, तांबडी, अजून उलटलेली.