आईंचं वेगळं कार्ड

तपासणीला ‘या आठवड्यात कधीतरी’ येऊ, असं कार्डाच्या ऑफिसातून फोनवर सांगितलं आणि माझा आठवडा तिथेच नासला. कधीतरी म्हणजे कधी? सकाळी की दुपारी, जेवणाआधी की नंतर? जिन्यात पाऊल वाजलं की मी उठायची, दाराला कान लावायची, पाऊल वरच्या मजल्यावर निघून जायचं. परत येऊन बसायची तर बूड टेकत नव्हतं. लाँड्रीत माझं काम हॉटेलांच्या चादरींच्या घड्या घालायचं होतं, आणि हात अजून ते विसरले नव्हते. घरातले टॉवेल, फडकी, नवऱ्याचे रुमाल, सगळ्यांच्या घड्या घालून झाल्या. मग त्या मोडून मी पुन्हा घातल्या.

लाँड्री बंद पडली तेव्हा माझी नोकरी गेली आणि तिथलीच गाडी चालवणाऱ्या माझ्या नवऱ्याचीही गेली. एकाच दिवशी, एकाच दारातून दोघं बाहेर. एक ओळखीची बाई म्हणाली, बरं झालं, निदान घरी जाऊन एकमेकांना सांगायची पंचाईत नाही. असलं बोलायला लोकांना सुचतं तरी कसं! घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. तिघांत मिळून सरकारी अन्नकार्ड मिळालं. महिन्याच्या सुरुवातीला त्यात रक्कम जमा होते आणि ती फक्त खाण्याच्या वस्तूंवर चालते. साबण चालत नाही, झाडू चालत नाही. काउंटरवरची मुलगी साबणाची वडी उचलून बाजूला ठेवायची आणि मागची रांग माझ्याकडे बघायची.

या कार्डाने माझ्या नवऱ्यातला एक नवाच माणूस बाहेर काढला. दुकानात भट्टीवर भाजलेली कोंबडी असते. गरम असेल तर ती हॉटेलचं जेवण, म्हणून कार्डावर चालत नाही. तीच न विकता गार झाली, फ्रीजमध्ये गेली की निम्म्या किमतीत आणि कार्डावर! हे कळल्यापासून हा संध्याकाळी त्या भट्टीभोवती घिरट्या घालायचा. दुकानातली मुलगी लांबूनच ओरडायची, “काका, अजून गरम आहे!” दबलेली फळं कधी स्वस्त होतात, शिळा ब्रेड कुठल्या मांडणीवर ठेवतात, सगळं त्याला पाठ. गाडी चालवायची सवय लागलेला माणूस, त्याला कुठेतरी फेऱ्या मारायलाच हव्या होत्या. एवढं करूनही महिना संपायच्या आत कार्ड रिकामं व्हायचं.

तेव्हा खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने अक्कल शिकवली. त्याला सगळी इमारत ‘वकील’ म्हणते. कोर्टाची पायरी तो कधी चढलेला नाही, पण प्रत्येक नियमाची शिवण कुठे उसवते ते त्याला माहीत.

“वहिनी, कार्ड घरावर नसतं, स्वयंपाकावर असतं,” तो म्हणाला. “जे एकत्र आणतात आणि एकत्र शिजवतात, त्यांचं एक कार्ड. मावशींनी स्वतःचं वेगळं आणलं, वेगळं शिजवलं, की त्यांचं कार्ड वेगळं. त्यांना काहीच मिळकत नाही, म्हणजे भत्ता पुरा.”

“पण हे खोटंच ना?” मी विचारलं.

“खोटं कशाला? खरंच वेगळं शिजवा. मग कोण काय बोलेल?”

सासूबाईंना मी आई म्हणते. त्या इतका वेळ ऐकत होत्या. त्यांनी शिंप्याला विचारलं, “म्हणजे मी माझ्या पोराला वाढायचं नाही?”

“नाही मावशी. तुमच्या कार्डाचं तुमच्याच पोटात गेलं पाहिजे.”

आई हसल्या. आम्हीही हसलो. काम मिळेपर्यंतचाच तर प्रश्न होता. आईंच्या नावाने वेगळं कार्ड काढलं. फ्रीजमध्ये मधोमध चिकटपट्टी लावली, वरचा कप्पा आईंचा, खालचा आमचा. शेगडीचा डावा बर्नर त्यांचा, उजवा माझा. नवऱ्याने वरच्या कप्प्यावर ‘परवानगीशिवाय हात लावू नये’ अशी चिठ्ठी लावली आणि स्वतःच खो खो हसला.

एक गोष्ट मात्र तिघांपैकी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. लग्न झाल्यापासून मी शिफ्टला जायची आणि स्वयंपाक आई करायच्या. मला चहा आणि अंडी यापलीकडे काही धड येत नव्हतं. तेव्हा वाटणी झाली ती अशी, की रांधणारी एका बाजूला गेली आणि खाणारे दोघं दुसऱ्या बाजूला.

पहिल्या दिवशी मी घेवडा करपवला. दुसऱ्या दिवशी तो कच्चा राहिला. नवरा घास तोंडात धरून बसला. आणि शेजारच्या बर्नरवर आईंचा साधा कांदा परतला जात होता, त्याचा वास घरभर. हा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तो वास घ्यायचा. भट्टीसमोर उभा राहायचा ना, अगदी तसाच. मला इतका राग यायचा! त्याचा, आईंचा, त्या कांद्याचासुद्धा.

एकदा मी खालून पाणी भरून आले तर हा ओट्याशी पाठमोरा, आणि आईंच्या हातात वाटी.

“काय चाललंय?” मी म्हणाले.

“चव बघायला दिली गं, एवढीशी,” आई म्हणाल्या.

“चव? आत्ता कुणी आलं असतं तर? कार्ड गेलं असतं तर मी काय शिजवणार होते, माझं कपाळ? आई, किती वेळा सांगायचं? तुमचं तुम्ही खा, आमचं आम्ही खातो. एवढं साधं आहे!”

माझा आवाज जिन्यापर्यंत गेला असणार. नवरा म्हणाला, “अगं, हळू.” त्याच्यावरही मी खेकसले. आईंनी वाटी धुतली, पालथी घातली, म्हणाल्या, “बरं.” आणि आपल्या खोलीत गेल्या.

त्यानंतर त्यांनी कधी चव दिली नाही. ताट घेऊन खोलीत जायच्या, दार लोटून घ्यायच्या. मला सुटल्यासारखं वाटलं, खरंच वाटलं. नियम पाळला जात होता आणि कार्ड शाबूत होतं. मी घेवडा न करपवता शिजवायला शिकले. कामासाठी रोज चार उंबरठे झिजवायचे, परत यायचं, शिजवायचं, घड्या घालायच्या. घरात मात्र एक कसलीतरी शांतता आली होती आणि तिच्यात मला स्वस्थ बसवत नव्हतं. मी उगाच भांडी आपटायची, म्हणजे काहीतरी आवाज होईल.

तपासणीचा फोन आला त्या दिवशी मी पहिल्यांदा वरचा कप्पा नीट बघितला. खच्चून भरलेला. चीज, घेवड्याचे डबे, मक्याची कणसं, सगळं नवऱ्याच्या आवडीचं. अंडी तशीच, लोण्याची वडीही न उघडलेली. पिशवीतला ब्रेड तेवढा संपत आलेला.

“आई, तुम्ही जेवता काय?”

“चहा-ब्रेड घेते. पुरतं मला.”

“आणि हे सगळं?”

“आपलं एकत्र झालं की लागेल.” मग म्हणाल्या, “एकटीसाठी काय पेटवायचं गं? मला येतच नाही एकटीपुरतं. मूठभर तांदूळ घेतले तर पातेल्यात ते दिसत नाहीत.”

कुठल्याही शहाण्या बाईने त्याच क्षणी ती चिकटपट्टी ओढून काढली असती. मला दिसला तो तपासनीस. तो फ्रीज उघडेल, भरलेला कप्पा बघेल आणि म्हणेल, ही म्हातारी शिजवतच नाही, हे सगळं नाटक आहे.

“निदान या आठवड्यात तरी रोज शिजवा,” मी म्हणाले. “आणि विचारलं तर सांगा, मला पथ्य आहे म्हणून वेगळं करते. लक्षात राहील ना?”

“राहील.”

आठवडाभर त्या हुकूम पाळल्यासारखा भात शिजवत होत्या. मी त्यांच्याकडे बघत होते, त्या पातेल्याकडे बघत होत्या, नवरा जिन्याच्या खिडकीतून रस्त्याकडे. तिघांचाही जीव टांगणीला.

आल्या त्या तपासनीस बाई अगदी जेवणाच्या वेळेला. बुटांवर कापडी पिशव्या चढवून आत आल्या, हातात टॅब. तरुण होत्या, चेहरा दमलेला, बोलणं मऊ. डाव्या बर्नरवर आईंचा भात होता, उजव्यावर माझी बटाट्याची भाजी. त्यांनी फ्रीज उघडला, चिकटपट्टी पाहिली, टॅबवर बोट फिरवलं. सगळं मनासारखं चाललं होतं.

“आजी, एका घरात राहून वेगळं का शिजवता?”

मी आईंकडे पाहिलं. पथ्य, आई. पथ्य म्हणा.

“सून म्हणाली, तुमचं तुम्ही खा,” आई म्हणाल्या.

त्यात ना राग होता ना टोमणा. काल बाजारात काय आणलं ते सांगावं, तसं त्या सांगत होत्या. बाईंचं बोट टॅबवर थांबलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा आईंकडे वळल्या. आता त्यांना कसलाच संशय उरला नव्हता. कार्ड वाचलं होतं, आणि मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं होतं.

“आजी,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “बागेच्या मागे ज्येष्ठांची घरं आहेत. एक खोली रिकामी होतेय. तुमची इच्छा असेल तर नाव घालते. कार्ड तुमच्याबरोबर येईल.”

“तिथे स्वयंपाक?”

“खाली एकच मोठं स्वयंपाकघर आहे. सगळ्या मिळून करतात आणि एकत्र जेवायला बसतात.”

“किती जणी?”

“दहा-बारा असतील.”

आईंनी गॅस बारीक केला. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा मी असा उजळलेला पाहिला नव्हता. “मग घाला माझं नाव,” त्या म्हणाल्या. “दहा-बारा जणींचं मला जमेल.”

“आई?” दारातून नवरा म्हणाला. तो माझ्याकडे बघत राहिला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण असं लहान पोरासारखं बघताना मी त्याला पाहिलं नव्हतं.

मी काय विचार केला ते मला सांगता येणार नाही, कारण केलाच नाही. मी उजव्या बर्नरवरची कढई उचलली आणि सगळी भाजी आईंच्या भातावर ओतली. नुसती ओतली नाही, उलथन्याने खालून वर ढवळली. कुठला दाणा कुणाच्या कार्डाचा ते आता कुणालाही निवडता आलं नसतं.

“आमचं एकच आहे,” मी म्हणाले.

तपासनीस बाईंनी पातेल्यात बघितलं. मग म्हणाल्या, “ताई, मी हे बघितलंय. आता मला आजींचं कार्ड बंद करून तुमच्यात धरावं लागेल. दोन्हीची मिळून रक्कम कमी होईल. कळतंय ना?”

“कळतंय.”

“घाई नाही. विचार करून सांगितलंत तरी...”

“ओतून झालंय बाई. आता काय काढू?”

नवऱ्याच्या घशातून कसलासा आवाज आला, हसू होतं की काय कोण जाणे. पुढच्या महिन्यात याला त्या भट्टीभोवती दुप्पट फेऱ्या माराव्या लागणार होत्या आणि त्याला ते ठाऊक होतं. बाईंनी टॅबवर काहीतरी केलं, बराच वेळ केलं. मग आईंना विचारलं, “मग आजी, खोलीच्या यादीतलं नाव काढून टाकू?”

आई पातेल्यात बघत होत्या. मीही त्यांच्याकडे बघत होते, हातात रिकामी कढई घेऊन. एकदाचं हो म्हणा, काढून टाका म्हणा, असं मनात म्हणत होते.

“राहू द्या,” आई म्हणाल्या.

मी कढई ओट्यावर टेकवली.

“हिला पुन्हा राग आला तर कामाला येईल,” त्या बाईंना म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळल्या. “उभी काय राहिलीस? ताटं घे.”

मी ताटं घेतली आणि पुसत बसले, कोरडी होती तरी. बाई बुटांवरच्या पिशव्या काढून जिना उतरून गेल्या. नवरा ओट्याशी आईला खेटून उभा होता, ताट पुढे करून, इतक्या दिवसांचा उपाशी असल्यासारखा. आईंनी त्याचं ताट हाताने बाजूला सारलं. पहिला डावभर भात त्यांनी माझ्या ताटात घातला, आणि मला तिथेच, उभ्या उभ्या, रडू फुटलं.