भिंतीवर गेलेली हालुश्कीची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. भांडी मांडायची नव्हे, हालुश्की, म्हणजे बटाट्याच्या पिठाचे उकडलेले छोटे तुकडे, पाडायची. लिप्टोवच्या डोंगराखालच्या आमच्या गावात ओंड्रेय नावाच्या सुताराने त्रेचाळीस वर्षांपूर्वी मला मॅपलच्या लाकडातून घडवले. त्याचे नुकतेच लग्न झाले होते. मला बायकोच्या, हर्मिनाच्या हातात देऊन तो म्हणाला, "हिला रंग नाही, तेल नाही. वापरायच्या आधी नुसती पाण्यात बुडवायची."

हर्मिना कच्चे बटाटे किसायची, त्यात मैदा आणि मीठ घालून चिकट पीठ कालवायची. ते माझ्यावर थापायची, मला उकळत्या पातेल्यावर तिरपे धरायची आणि सुरीने नखाएवढे तुकडे भराभर पाण्यात सोडायची. तुकडे वर तरंगले की झाऱ्याने काढून मेंढीच्या दुधाच्या ब्रिंझा चीजमध्ये घोळवायची. वरून खारवलेल्या डुकराच्या मांसाचे कुरकुरीत तुकडे आणि त्यांची गरम चरबी. वाफेने माझी कड काळी पडली, सुरीने अंगभर रेघा उठल्या. ओंड्रेय वारला, तरी हर्मिनाचा हालुश्कीचा रविवार चुकला नाही.

चार वर्षांपूर्वी नॉर्वेहून रागन्हिल्ड नावाची बाई आमच्या डोंगरातले गरुड मोजायला आली आणि महिनाभर हर्मिनाच्या माडीवर राहिली. आमची भाषा तिला मोडकीतोडकी येत होती. पहिल्या रविवारी ताटातला करडा, गिचका ढीग पाहून ती बिचकली.

"दिसायला वाईट आहे, ठाऊक आहे मला," हर्मिना म्हणाली. "डोळे मिटून खा."

रागन्हिल्डने एक घास खाल्ला. मग ताट रिकामे होईपर्यंत ती बोललीच नाही.

"अजून आहे?"

"आहे की. पण इतकं खाल्लंस तर उद्या तुला वर चढवायला गाढव लागेल."

पुढच्या रविवारी तिने मला स्वतः हातात घेतले. तिचे तुकडे अंगठ्याएवढे पडले. "या हालुश्की का पायरीचे दगड?" हर्मिनाने विचारले आणि दोघी हसत सुटल्या. निघताना रागन्हिल्ड म्हणाली, "मी परत येणार. गरुडांसाठी नाही, यासाठी." मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी शाबासकी.

हर्मिनाला मूल नव्हते. तिचा भाचा त्स्तिबोर आपली आई गेल्यावर तिच्याच घरी वाढला. गेल्या वर्षी त्याने हमरस्त्यावर खानावळ काढली, तेव्हा तो मला मागायला आला.

"आत्या, उद्घाटनापुरती फळी दे. तू स्वतः लोकांसमोर पाड."

हर्मिनाने त्या दिवशी शंभर ताटांच्या हालुश्की पाडल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मी घरी जायला हवे होते. पण त्स्तिबोरने मला वार्निशचे दोन हात दिले, अंगातून आरपार दोन स्क्रू पिळले आणि भिंतीवर ठोकले. शेजारी हर्मिनाचा फोटो, खाली पाटी: 'हर्मिनाआत्याच्या हातच्या हालुश्की'.

तिला त्याने सांगितले, "राहू दे थोडे दिवस. गिऱ्हाईक बघायला येतं. आत सगळं तुझ्याच पद्धतीनं चाललंय."

तिचा विश्वास बसला. चर्चच्या दारात ती बायकांना अभिमानाने सांगायची म्हणे. मला मात्र भिंतीवरून स्वयंपाकघराचे दार दिसत होते. तिथे बर्फात गोठवलेल्या तयार हालुश्कीच्या पिशव्या यायच्या आणि साय घालून पातळ केलेले गायीचे स्वस्त चीज. मी पाहत होते, पण फळीला तोंड कुठून असणार?

या शरद ऋतूत रागन्हिल्ड आली. बसमधून उतरून ती आत आली, पाटी वाचली आणि थेट माझ्याखालच्या टेबलाशी येऊन बसली. चार घास खाऊन तिने काटा खाली ठेवला. तेवढ्यात ती आल्याचे ऐकून हर्मिना लगबगीने आली.

"अजून वाढायला सांगू?"

"नको."

"तू नको म्हणतेस?"

रागन्हिल्डने तिचा हात धरला. "रागावू नका हर्मिनाबाई. वय झालं की हात बदलतो. माझ्या आईचंही तसंच झालं होतं."

हर्मिनाने तिच्या ताटातला एक घास खाल्ला. मग ती उठून आत गेली आणि एक रिकामी पिशवी घेऊन बाहेर आली. ती तिने त्स्तिबोरसमोर ठेवली.

"हे माझ्या हातचं?"

"आत्या, दिवसाला दोनशे ताटं जातात. बटाटे किसत कोण बसणार?"

"मग स्वतःच्या नावानं वीक."

"माझ्या नावाला कोण येईल?" तो सहज म्हणाला.

हर्मिना म्हणाली, "तुला मी हेच भरवून वाढवलंय. चव कळत नव्हती, असं तर नाही तुझं."

तो पेले पुसत राहिला.

रागन्हिल्डने खुर्ची धरली. हर्मिना वर चढली आणि तिने आपला फोटो काढला, पाटी काढली. मग माझ्यावर हात ठेवला. वर्षभर मी त्या हाताची वाट पाहत होते. तिने मला नखाने खरवडले, वास घेतला.

"वार्निश आतपर्यंत गेलंय. पिठाला वास लागेल."

"तासून घेता येणार नाही?" रागन्हिल्डने विचारले.

"ओंड्रेय असता तर तासली असती." तिने हात काढून घेतला. "राहू दे तिला इथंच."

त्या दोघी गेल्या. मी मात्र तिथेच राहिले. भाच्याने तिला फसवले, आणि तिने मला सोडले.

परतीच्या बसची वाट पाहताना रागन्हिल्ड एकदा कॉफी प्यायला आत आली. वाढणाऱ्या मुलीने हालुश्की आणू का विचारले, तेव्हा म्हणाली, "काल हर्मिनाबाईंच्या घरी जेवले. त्यांनी शेजारणीच्या पत्र्याच्या चाळणीतून हालुश्की पाडल्या. चव अगदी पहिल्यासारखी."

ते ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. पण ती चव माझ्यामुळे आहे, असे मी त्रेचाळीस वर्षे समजत आले होते.

मित्रांनो, तुमच्या घरातली कामाची वस्तू कोणी शोभेसाठी मागितली, तर देऊ नका. मायेने मागितली तरी देऊ नका. तिला झिजू द्या, तडकू द्या, अगदी शेवटी चुलीत घाला. पण तिचे काम काढून घेऊन तिला भिंतीवर टांगू नका.